तेलात काय होतं

पाली,
२० नोव्हेंबर २०२२

चि. नंदास आत्याचा आशीर्वाद.

तुजी तुळस शहादेवाच्या टेम्पोत दिलीय. तू सांगितलं तसं सावलीत वाळवली, ऊन लागू दिलं न्हाई. धरणाच्या अंगाची एका फडक्यात आन् माळावरची दुसऱ्या फडक्यात बांधलीय, एकात एक करू नको. माळावरची पानं बारकी हायत पण वास लई दांडगा. पिशवी घरात व्हती तवर सगळं घर घमघमत व्हतं.

अजिनाथ आन् मंगल टोळीसंगं सांगलीकडं उसाला गेले. नातवाला, उत्तरेश्वरला, माझ्याजवळ ठिवलंय. मंगल ठिवाया तयार नव्हती, अंगावरचं तोडायचं म्हणून लई रडली. मी म्हणले, "तिकडं कोपीत, पाचटात, थंडीत लेकराचे हाल करू नको. अंगणवाडीत एवढी पोरं सांभाळली, घरचं एक मला जड हाय का?" मग दिलं. आता उत्तू उंबरा धरून उभा ऱ्हातो आन् धपकन् बसतो. बसला की माझ्याकडंच रागानं बघतो, जसं काय मीच पाडलं.

फोन करू नको. माझ्या कानाचं तुला ठावं हाय. शेजारच्या भिवराबाईजवळ निरोप दिलास तर ती अर्धाच सांगती, तोबी हातवारे करून. पत्रच टाक. आन् तू तिथं काय करतीस ते मला नीट लिही. लोक इचारतात, मी म्हणते माझी भाची पाल्याचं तेल काढती. हसतात मेले.

तुजी आत्या रुक्मिणबाई


पुणे,
६ डिसेंबर २०२२

ती. आत्यास नंदाचा नमस्कार.

तुळस मिळाली. दोन्ही फडकी वेगळीच ठेवली आहेत, काळजी करू नकोस. आमच्या सरांनी तुझी गाठ सोडताना दोनदा विचारलं, कुणी बांधलीय म्हणून. सुटतच नव्हती.

हसणाऱ्यांना हे वाचून दाखव. पानात तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. पाला वाफेवर धरला की त्या फुटतात, तेल वाफेबरोबर वर जातं, वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगतं. टोपलंभर पाला टाकावा तेव्हा चमचाभर मिळतं. त्यातला एक थेंब मी यंत्रात सोडते. यंत्रात केसासारखी बारीक आणि लांबच लांब नळी आहे. तेल एकच दिसत असलं तरी त्यात पुष्कळ पदार्थ असतात. त्या नळीतून ते एकामागून एक बाहेर पडतात, जत्रेतून माणसं घराकडे निघावीत तसे. हलके आधी, जड मागून. प्रत्येकाची कागदावर एक टेकडी उमटते. टेकडी मोठी तेवढा तो पदार्थ जास्त.

तुळशीत युजेनॉल असतं. तेच लवंगेत असतं, म्हणून दाढ दुखली की लवंग धरतात. ओव्यात थायमॉल, पुदिन्यात मेंथॉल. आणि मला सर्दी झाली की तू धरणाच्या भिंतीखाली नेऊन नीलगिरीची पानं चुरगाळून हुंगायला द्यायचीस ना, त्यात सिनिओल असतं. कोंदलेलं नाक ते मोकळं करतं, छातीतला कफ सोडवतं. आई गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले तो पहिला हिवाळा मला त्या वासानेच आठवतो.

माळावरच्या तुळशीत युजेनॉल जास्त निघालं. पाणी कमी पडलं की झाड आपलं तेल बदलतं. हाच माझ्या प्रबंधाचा विषय. सर खूश आहेत. मीही आहे.

उत्तूला माझ्याकडून एक पापा. आता मी महिनाभर केरळात असेन, तिथल्या प्रयोगशाळेत काम आहे.

तुझी
नंदा


पाली,
१५ डिसेंबर २०२२

चि. नंदास आशीर्वाद.

तुझं पत्र भिवराबाईला आन् बायनाबाईला वाचून दावलं. आता हसत न्हाईत. बायनाबाई म्हणती, माझ्या ओव्यात काय काय निघतंय तेबी बघायला सांग.

परवा नारायणगडावर गेलते. पायरीखाली एक जण पथारी टाकून सर्दीचं तेल इकत बसला व्हता. बाटलीवर तुळशीचं आन् नीलगिरीचं पान काढलंय. तू लिहिलं तेच तो बोलत आसंल असं त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं, नाक दाबून दावायचा, मोकळं करून दावायचा. भिवराबाईनं कानाशी वरडून सांगितलं, तेच म्हणतोय, कफ सोडवतं म्हणून. तुझं पत्र ताजं व्हतं, मग मी बाटली घेतली.

उत्तूला सर्दी झालीय. छातीत घुरघुर करतंय असं भिवराबाई म्हणती. मला ऐकू येत न्हाई पण छातीवर हात ठिवला की कळतं. तो इकणारा म्हणतो मधात थेंब द्या. आधी तुला इचारते. लेकराला पोटात चालतं का, किती द्यायचं, लगोलग कळव. केरळातला पत्ता तू दिला न्हाईस, तिकडं धाडतील म्हणून पुण्यालाच टाकते. तवर त्याच्या कुंचीला लावून ठिवते.

मंगलचा भिवराबाईच्या फोनवर रोज फोन येतो. उत्तूला दावतात त्यात. तो फोनच चाटतो.

तुजी आत्या


पुणे,
९ जानेवारी २०२३

ती. आत्या,

आधी हे वाच. बाळाला ते तेल अजिबात देऊ नकोस. पोटात नको, नाकाला नको, छातीलाही नको. मी लिहिलं होतं ते मोठ्या माणसांपुरतं, आणि हुंगण्यापुरतं. हेच पदार्थ तान्ह्या बाळाच्या अंगात गेले की मेंदूवर जातात, झटके येऊ शकतात. बाटली घरात ठेवूच नकोस.

तुझं पत्र माझ्या खोलीच्या दाराखाली पडून होतं. मी काल केरळातून आले. आल्याबरोबर भिवराबाईला फोन लावला, माझ्याकडचा तिचा जुना नंबर बंद लागतो. अजिनाथला लावला, त्याने उचलला नाही. फडात असेल. म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. एव्हाना त्याची सर्दी गेलीही असेल. तू नेहमी करतेस तसा ओव्याच्या पुरचुंडीचा शेक लांबून दिला असशील आणि मी इथे उगाच घाबरते आहे.

सोबत उत्तूसाठी लोकरीचं टोपडं पाठवते. लाल आहे, मळखाऊ घ्यायला हवं होतं.

अजिनाथला सांग, माझा फोन घे म्हणावं.

तुझी
नंदा


पाली,
२२ जानेवारी २०२३

नंदा,

तुझं पत्र आन् टोपडं मिळालं. उत्तू न्हाई आता. तुझं पत्र आलं तवा माती देऊन लई दिवस झालते.

तुला कळवायला पायजे व्हतं. अजिनाथला म्हणले, नंदाला फोन कर. त्यानं मान फिरवली. मग मी पत्र लिहाया बसायची आन् उठायची.

तुझ्या जवाबाची वाट बघितली. सर्दी वाढली. दूध ओढायचा आन् सोडायचा, नाक बंद, ओढता येत नव्हतं. त्याच्यानं भूक, भुकेनं रडणं. मला रडणं ऐकू येत न्हाई नंदा, तोंड दिसतं नुसतं. ते तोंड बघून मी मधात थेंब दिला. झोपला. उठला तवा परत दिला, नाकालाबी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे वर गेले आन् हातपाय ताठ झाले. भिवराबाईच्या पोरानं मोटारसायकलवर बीडला नेलं. दवाखान्यात डॉक्टर मला काहीतरी इचारत व्हता. दोनदा इचारलं. मला कळलं न्हाई, मी मान हालवली. त्यांनी सुई टोचली, नळी घातली. दुपारच्याला त्यानं डोळे मिटले ते मिटलेच.

भिवराबाईनं नंतर सांगितलं, डॉक्टर इचारत व्हता, पोटात काय दिलं का. मी मान न्हाई म्हणून हालवली व्हती.

मंगल आन् अजिनाथ त्याच संध्याकाळी निघाले, दुसऱ्या दिवशी पोचले. तवर ठिवता आलं न्हाई. मंगलला लेकरू दिसलं न्हाई. अजिनाथ परत फडावर गेला, मंगल हितंच हाय. तिला दूध येतं अजून. माझ्या हातचं खात न्हाई. वेगळं कालवण करती.

दवाखान्याच्या कागदावर ताप आन् झटके लिहिलंय. अजिनाथ म्हणतो तापच आसंल.

तेल अर्धं दुसऱ्या बाटलीत वतून शहादेवाजवळ दिलंय, अर्धं हितं घरात हाय. तुझ्या यंत्रात घाल. त्यात काय हाय ते मला सांग. तापानं गेला का माझ्या हातानं गेला, एवढंच सांग. माझ्या हातानं गेला आसंल तर मला मग हितं बसून काय करायचंय. धरण काय लांब न्हाई.

रुक्मिण


पुणे,
१२ फेब्रुवारी २०२३

ती. आत्या,

शहादेवभाऊंनी बाटली माझ्या हातात दिली. मी स्वतः तपासलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तुझ्या तेलात काही नाही आत्या. बरंचसं साधं खोबऱ्याचं तेल आहे, वासापुरती नीलगिरी टाकलेली. असले लोक तेलाच्या नावाखाली काहीही विकतात. मी जे झटक्यांचं लिहिलं होतं ते चोख अर्काबद्दल होतं, ते तुझ्या बाटलीत नाही. एवढ्याने काही होत नाही. उत्तूला ताप डोक्यात गेला. लहान मुलांना तसं होतं, भल्याभल्या दवाखान्यांतही होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय तेच खरं.

तुझा हात नव्हता त्यात. हे वाक्य तू पुन्हा वाच. मंगलवहिनीलाही वाचून दाखव.

आणि मला शपथ घालून लिही की धरणाकडे जाणार नाहीस. मला आई नाही. तू आहेस.

तुझी
नंदा


पाली,
२६ फेब्रुवारी २०२३

चि. नंदास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं ते मी चुलीपुढं बसून वाचलं, मग मंगलच्या मांडीवर ठिवलं. ती शिकलेली हाय, तिनं दोनदा वाचलं. मग माझ्या गळ्यात पडली. लई येळ रडलो आमी. त्या दिवशी तिनं माझ्या हातची भाकर खाल्ली. नंदा, एवढ्या दिवसात मला घास गेला तो त्या दिवशी.

धरणाकडं जात न्हाई. शपथ.

मंगलनं अजिनाथलाबी फोनवर सांगितलं. तो काय बोलला मला ठावं न्हाई, पण मंगलचं तोंड निवळलं.

गल्लीत लोक माझ्याकडं बघायचे, ते मी सांगितलं नव्हतं तुला. बाया पोरं कडंवर घेऊन माझ्या दारावरून लगालगा जायच्या. आता तुझं पत्र सगळ्यांना दावलं. माझ्या भाचीनं यंत्रात घालून बघितलंय म्हणले. भिवराबाई दवाखान्यात संगं व्हती, तिला धाकधूक व्हती, तिनंबी वाचून घेतलं. तिच्या नातीची सर्दी हटत न्हाई. उरलेली बाटली ती घेऊन गेली. मी म्हणले ने, माझ्याच्यानं ती बाटली बघवत न्हाई, आन् तेल तर चांगलं हाय.

तुझा प्रबंध कुठवर आला?

तुजी आत्या


पाली,
२१ मार्च २०२३

नंदा,

त्या दिवशी तू आलीस तवा मी अंगणात तूर पाखडत बसले व्हते. तू रस्त्यावरूनच पळत आलीस. केस सुटलेले, पायात चप्पल एकच. मला वाटलं तुला कुणी मारलं. तुझं तोंड हालत व्हतं, लई जोरानं हालत व्हतं, मानेच्या शिरा फुगल्या व्हत्या. मला काहीच ऐकू आलं न्हाई. मी हासले बघ तुला बघून.

मग मी बाकीच्यांची तोंडं बघितली. बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. भिवराबाई घरात पळाली. मंगल दारात उभी व्हती, तिच्या हातातला तांब्या खाली पडला आन् गडगडत माझ्या पायापाशी आला. साऱ्या गल्लीनं ऐकलं, एकटी मीच राहिले. मी मंगलला इचारलं, "काय झालं? नंदा काय म्हणती?" तू भिवराबाईच्या नातीला उचलून रस्त्यावरच्या जीपमध्ये घातलं आन् गेलीस. माझ्याकडं एकदा वळून बघितलंस. तवाबी मला कळलं न्हाई, नुसतं भ्या वाटलं.

मंगलनं मग चुलीतला कोळसा घेतला आन् भिंतीवर लिहिलं. "तेलानं मेला. तिला ठावं व्हतं." एवढंच. आन् आत जाऊन कपडे भरले.

ती माजलगावला माहेरी गेली ती आली न्हाई. अजिनाथ येऊन तिची पेटी घेऊन गेला. माझ्या पाया पडला न्हाई, पडायचा तो कायम.

भिवराबाईची नात वाचली. जीपमध्ये तिला झटका आला व्हता म्हणं, तू मांडीवर आडवं धरून बसली व्हतीस. डॉक्टरला तू सगळं सांगितलं, कसलं तेल, काय काय हाय त्यात. म्हणून वाचली. आता चालती-बोलती हाय. भिवराबाई माझ्याशी बोलत न्हाई, पण नात वाचली. माझ्या हातून दुसरं गेलं आसतं.

मी भिंत सारवली न्हाई अजून.

धरणाकडं गेले न्हाई. तुला शपथ दिलीय म्हणून न्हाई. तेवढीबी ताकद न्हाई आता.

एकच लिही. कावून खोटं लिहिलंस?

रुक्मिण


पुणे,
४ एप्रिल २०२३

ती. आत्या,

तू विचारलंस म्हणून लिहिते.

तुझं तेल यंत्रात सोडलं तेव्हा दुपार होती. आधी सिनिओलची टेकडी आली, नीलगिरीची. मग कापराची आली. ती वर चढतच राहिली, कागदाच्या बाहेर गेली. बाकी काही फारसं नव्हतंच. त्या बाटलीत तुळशीचं पानसुद्धा बुडवलेलं नव्हतं आत्या. नीलगिरी आणि ढीगभर स्वस्त कापूर. कापूर तान्ह्या बाळाच्या पोटातून मेंदूत जायला वेळ लागत नाही. हे मला परीक्षेत आलेलं आहे, मी पैकीच्या पैकी मार्क घेतले आहेत.

मी तो कागद समोर घेऊन बसले आणि शेजारी तुझं पत्र होतं. धरण काय लांब न्हाई, असं लिहिलेलं. दोन्हीपैकी एकच माझ्या हातात होतं. उत्तू गेला होता. तू होतीस. मला वाटलं, खोटं लिहिलं तर एक माणूस वाचतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. अर्धी बाटली तू अजून घरात ठेवली आहेस हे तू लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं. माझ्या मनात आलंच नाही की कुणी ती पुन्हा वापरेल. टाकून दे, एवढं जरी लिहिलं असतं तर! पण तेल चांगलं आहे म्हटल्यावर टाकून दे कसं लिहिणार?

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर उघडलं. भिवराबाईचा नंबर मला माहीत असलेला बंदच होता. अजिनाथने फोन कापला. तशीच बस धरली. बसमध्ये बसून मी घरी पोहोचल्यावर तुला बाजूला घेऊन, हातावर लिहून, हळूहळू कसं सांगायचं ते ठरवत होते. उतरल्यावर पळत सुटले आणि तोंडातून काय गेलं ते मला आता आठवतही नाही. मंगलवहिनी दारात असतील हे डोक्यातच नव्हतं.

बाटली घेऊन मी इथल्या एका सरकारी कचेरीत गेले. ते म्हणाले, सीलबंद बाटली आणा, पावती आणा, विकणाऱ्याचं नाव आणा. मी नारायणगडावरही जाऊन आले. पायरीखाली बांगड्या विकणारी होती. ती म्हणाली, तो दर वेळी नव्या गावाला असतो.

प्रबंध थांबवला आहे. सरांना तब्येतीचं कारण दिलं.

तू मला शिव्या दे, पण लिही.

नंदा


पुणे,
३ मार्च २०२४

ती. आत्या,

हे माझं चौथं पत्र. आधीच्यांना उत्तर आलं नाही, तरी ती परतही आली नाहीत. म्हणजे तू घेतेस.

शहादेवभाऊ भेटले होते. मंगलवहिनीला मुलगी झाली, करिष्मा नाव ठेवलं, असं म्हणाले. तुला बारशाला बोलावलं होतं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं, मी विचारलं नाही.

मी एका शाळेत शिकवते आहे. आठवीला विज्ञान.

नंदा


पाली,
१८ नोव्हेंबर २०२४

नंदा,

तुझी सगळी पत्रं मिळाली. वाचली. लिहिण्यासारखं माझ्याजवळ काय नव्हतं. आज हाय म्हणून लिहिते.

बारशाला बोलावलं नव्हतं. पावसाळ्यात ते दोघं परत आले, पण घरी न्हाई, फाट्यावर खोली केली. मी बाजाराला जायची तवा लांबून पोरगी दिसायची. मंगलच्या कडंवर आसायची कायम. खाली सोडत न्हाई ती तिला. अजिनाथ कधी पीठ, कधी मीठमिरची आणून दारात ठिवतो आन् जातो.

काल टोळी गेली. मला बायनाबाईनं खुणावलं, पोरगीबी चालली म्हणून. मी फाट्यावर गेले. ट्रॅक्टर भरला व्हता, भांडी, सरपण, शेळी, वर माणसं. मंगल पोरगीला पोटाशी बांधून ट्रॉलीत बसली व्हती. पोरगी उत्तूएवढीच झालीय आता. तोंड त्याचंच हाय. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी ट्रॉलीला धरलं. मी म्हणले, "मंगल, कोपीत थंडी लई आसती. माझ्याजवळ नको ठिवू, तसं म्हणत न्हाई मी. भिवराबाईजवळ ठिव. बायनाबाईनं तिला इचारलं, ती हो म्हणलीय. मी त्या बाजूला फिरकणार न्हाई. देवाची आण." अजिनाथ दुसरीकडं बघत व्हता. मंगल खाली उतरली. मला वाटलं ठिवती. मग मी म्हणले, "मला एकदा घेऊ दे."

तिनं पोरगी दुसऱ्या बाईजवळ दिली. माझे दोन्ही हात धरले आन् नाकाशी नेले. तळवे हुंगले. मग बोटं, एक एक. नखांपाशी थांबली. मी सकाळी भांडी घासली व्हती, राखेचा वास आसंल, दुसरं काय आसणार. तिनं डोळे मिटून हुंगलं, लई येळ, जसं काय तिलाबी वाटत व्हतं की काही वास येऊ नये. मग हात सोडले. वर चढली, पोरगी घेतली, पदराखाली झाकली.

दिली न्हाई.

ट्रॅक्टर गेला. मी फाट्यावरच बसले, मग बायनाबाईनं हाताला धरून घरी आणलं.

यंदा थंडी लवकर पडलीय. पहाटं धरणावर धुकं आसतं, दुपारपर्यंत हटत न्हाई. सांगलीकडं किती आसंल ते मला ठावं न्हाई. तुला कळलं तर कळव.

तुजी आत्या